मधोमध धावणारा माणूस

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट एका बटणात खाली यायला लागली की समजायचं, उन्हाळा लागला. एरवी सकाळी आमच्या शारजाच्या या लिफ्टमध्ये दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, डोळे चोळणारी पोरं आणि त्यांना 'फास्ट, फास्ट' म्हणत ढकलणाऱ्या आया अशी गर्दी असते. शाळा बंद होतात, बायका-मुलं भारताची वाट धरतात आणि मागे उरतो आम्हा एकट्या नवऱ्यांचा मुलूख. मग लिफ्टमध्ये दोघं-तिघंच असतात. कुणाच्या हातात इस्त्रीला द्यायचे शर्ट, कुणाच्या हातात पाव आणि अंडी. एकमेकांना विचारायचा प्रश्न ठरलेला असतो, "फॅमिली कब गयी?" आणि उत्तरही ठरलेलं, "परसोंही. यल्ला, अब मजा!" मजा कसली डोंबलाची. पहिले दोन दिवस बाहेरची बिर्याणी होते आणि तिसऱ्या दिवसापासून मुगाची खिचडी.

यंदाही स्मिता आणि अर्णव ठाण्याला गेले. घरात आता फ्रीज चालू-बंद झालेला ऐकू येतो. रस्त्याकडेच्या खजुरांच्या घोसांना जाळ्या बांधून झाल्या आहेत आणि आतली फळं हिरव्याची पिवळी व्हायला लागली आहेत. हवेत इतका दमटपणा आहे, की गारव्यातून बाहेर पाऊल टाकलं रे टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. मग जागच्या जागी उभं राहायचं, शर्टाच्या टोकानं काचा पुसायच्या आणि मग गाडी शोधायची. तेवढा वेळ समोर नुसता पांढरा उजेड असतो, त्यात काही हलतं आहे एवढंच कळतं. तशा वेळी मला हल्ली ऑल्विनच्या आईची आठवण येते आणि दिवस सुरू व्हायच्या आतच मन उतरतं.

ऑल्विन तुस्कानो हा माझा ऑफिसातला मित्र, वसईचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमची कंपनी ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या बनवते. मी कॉम्प्युटर विभागात, तो डिस्पॅचमध्ये, म्हणजे कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये चढवून कुठे पाठवायचा ते ठरवणारा. सुरुवातीचे कित्येक महिने आम्ही एकमेकांशी हिंदीत कचाकचा भांडत होतो. एकदा फोनवर त्याच्या बायकोशी बोलताना तो मराठीत म्हणाला, "त्या कॉम्प्युटरवाल्यानं डोकं खाल्लंय माझं." मी मागेच उभा होतो. "कॉम्प्युटरवाला ऐकतोय," मी म्हटलं. त्यानं वळून पाहिलं आणि म्हणाला, "अरे देवा, तू मराठी? मग इतके दिवस परक्या भाषेत कशाला भांडलो आपण?" तिथून पुढे आम्ही मराठीत भांडायला लागलो आणि त्यालाच मैत्री म्हणायला लागलो.

ज्या उन्हाळ्याबद्दल मला लिहायचं आहे, त्याविषयी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ती मला तेव्हा माहीत नव्हती, म्हणून तर तो उन्हाळा इतका हसण्याखिदळण्यात गेला. ऑल्विनच्या आईला काचबिंदू होता. तिची नजर कडांकडून आत आत मिटत चालली होती, मधे एवढासा झरोका उरला होता. तोही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑल्विन तीन वर्षं गावाला गेला नव्हता. दर वेळी बायको आणि मुली जायच्या, हा कामासाठी मागे राहायचा. तो झरोका मिटायच्या आत त्याला वसईला पोचायचं होतं आणि आईला आपल्या मुलाला एकदा बघायचं होतं. त्या उन्हाळ्यात पणाला लागलं होतं ते एवढंच.

मला मात्र वेगळाच नाद लागला होता. ऑफिसात आम्ही सगळे दिवसभर एका चॅटवर बोलतो. शेजारच्या खुर्चीवरचा माणूससुद्धा तोंड न उघडता तिथेच लिहितो. निरोपाच्या खाली चिकटवायला त्यात पिवळ्या चेहऱ्यांची तयार चित्रं असतात, आणि हवं असेल तर आपलं स्वतःचं चित्रही घालता येतं. अट एवढीच, की ते नखाएवढं असलं पाहिजे आणि वजनाला हलकं. लोक इकडून तिकडून उतरवलेली हलती चित्रं घालतात. मला ते कमीपणाचं वाटायचं. मी ठरवलं, आपण कोड लिहून काढायची. शाळेत वहीच्या कोपऱ्यात माणूस काढून पानं फर्रकन सोडायचो ना, तोच हा खेळ, फक्त पेन्सिलीऐवजी सूचना. इथे गोल काढ, त्यात दोन ठिपके डोळे, हा पाय थोडा पुढे, आता तो थोडा मागे. अशी दहा-बारा चित्रं झाली की एकामागे एक जोडायची. शेवटचं चित्र पहिल्याला बेमालूम जुळलं पाहिजे, मग ते कितीही वेळ फिरत राहतं, आणि सुरुवात कुठे झाली ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही. या सांध्यावर मी जेवणाच्या सुट्ट्या घालवल्या आहेत.

ऑफिस अर्धं रिकामं होतं. ऑल्विनची बायको शेरन आणि मुली वसईला गेलेल्या, माझी माणसं ठाण्याला. दुपारी डबा खाऊन आम्ही दोघं माझ्या स्क्रीनसमोर बसायचो. चित्र मी काढायचो आणि नावं तो ठेवायचा. वाफाळणारा करक चहाचा, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचा पेला केला. चुकीचा ट्रक भरला गेला की टाकायला उलटा जाणारा फोर्कलिफ्ट केला. काम संपलं की हात झटकणारे दोन पंजे केले, ते 'खलास'. ऑल्विन मागे उभा राहून दिग्दर्शन करायचा.

"वाफ सरळ वर कशी जाईल? एसी चालू आहे ना आपल्या ऑफिसात? वाकडी कर."

"नखाएवढ्या चित्रात तुला एसी पाहिजे?"

"मग! नाहीतर लोक म्हणतील चहा दुसरीकडचा आहे."

आम्ही हसत सुटायचो. पन्नाशीकडे झुकलेली दोन माणसं चहाच्या वाफेवरून भांडत होती. त्या दिवसांत मी सुखी होतो, हे मी आजही नाकारत नाही. सगळ्यात जास्त खुपतं ते तेच.

मग एक दिवस 'येतोय' जन्माला आला. ऑल्विनला दिवसभर गोदामातून फोन यायचे आणि तो कुणालाही, कुठल्याही भाषेच्या माणसाला, मराठीतच उत्तर द्यायचा, "येतोय, येतोय." पलीकडच्यालाही सवयीनं कळायचं. त्याची गंमत करायला म्हणून मी एक माणूस काढला. पिवळा शर्ट, गोल पोट, हातात कागद. तो डावीकडून धावत यायचा, उजवीकडे दार होतं, दार उघडायचं, माणूस आत जायचा. ऑल्विन खूश होईल असं मला वाटलं होतं. त्यानं चित्र पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि स्क्रीनच्या अगदी जवळ गेला.

"हा कडेला गेला की सापडत नाही," तो म्हणाला.

"कुणाला?"

"बघणाऱ्याला. मधेच ठेव ना त्याला. माणूस हलवू नकोस, दार हलव."

"मग तो पोचणार कसा?"

"नाही पोचला तर नाही. दिसला पाहिजे."

मी त्याला मधोमध आणून ठेवलं. पाय जागच्या जागी धावायला लागले, दार उजवीकडून जवळ जवळ यायचं आणि पुन्हा लांब जायचं. ऑल्विनचं समाधान होईना. मागचं सगळं पांढरं कर म्हणाला. शर्ट अजून पिवळा कर. कडा जाड कर. मी केल्या. अजून जाड कर. मी केल्या. "अरे, पोस्टाचा शिक्का झाला त्याचा!" मी वैतागून म्हटलं. "होऊ दे," तो म्हणाला, "पण आता बघ, लगेच कळतो." आपला मित्र नखाएवढ्या चित्राबाबत एवढा चोखंदळ आहे याचं मला कौतुकच वाटलं. त्यानं ते चित्र स्वतःच्या फोनवर मागून घेतलं तेव्हा तर मी फुशारलोच.

अर्णवला मी ते ठाण्याला पाठवलं. तो तेव्हा आठवीत होता आणि माझ्या कोडमध्ये खोड काढायची संधी सोडत नसे.

"बाबा, ही नेव्हर रीचेस द डोअर. इट्स अ बग."

"बग नाही रे, लूप आहे तो. फिरत राहतो."

"सेम थिंग, बाबा."

ऑफिसात 'येतोय' इतका चालला की विचारू नका. हिशेबातला केरळचा जोसेफ, रिसेप्शनवरची फिलिपिनो ग्रेस, सगळे तो शब्द टाकायला लागले. "सर, पेमेंट येतॉय," असं ग्रेस तोंडानंही म्हणायला लागली. आमचे मॅनेजर नबील साहेब, मूळचे जॉर्डनचे, मोठ्या मनाचा माणूस पण कामात आकंठ बुडालेला. त्यांना लिहायचा कंटाळा. त्यांनी या चित्राचा ध्यासच घेतला. कुणी काही मागितलं की ते खाली धावणारा माणूस चिकटवायचे, म्हणजे विचार चालू आहे, होईल. मराठी शब्द दुबईत रुजवला म्हणून मी आणि ऑल्विन एकमेकांना टाळी द्यायचो.

ऑगस्ट लागला. कंपनीत नवी सॉफ्टवेअर यंत्रणा सुरू व्हायची होती, तिची तारीख दर आठवड्याला पुढे सरकत होती. डिस्पॅचचा सगळा गुंता ऑल्विनच्या डोक्यात, त्यामुळे तो हलला तर सगळंच अडेल अशी स्थिती. एका सकाळी त्यानं सगळ्यांच्या ग्रुपवर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, की साहेब, मी पुढच्या आठवड्यापासून रजा मागितली आहे, कृपया मंजूर करावी. नबील साहेबांनी त्याच्याखाली धावणारा माणूस चिकटवला. मग जोसेफनं चिकटवला, ग्रेसनं चिकटवला, गोदामातल्या पोरांनी चिकटवला. बघता बघता ऑल्विनच्या अर्जाखाली पिवळ्या शर्टातली एक फौज जागच्या जागी धावू लागली. ऑफिसात हशा पिकला. मीही हसलो. ऑल्विननंही हसत हसत स्वतःच्याच अर्जाखालच्या त्या माणसावर बोट दाबलं.

त्यानं कारण लिहिलं नव्हतं. का लिहिलं नव्हतं, ते मला पुढे कळलं. आमच्या ऑफिसात आईचं आजारपण हे कारण इतक्यांनी इतक्या वेळा वापरलं आहे, की ते ऐकलं की लोक समजून घेतल्यासारखी मान हलवतात आणि वळल्यावर डोळा मारतात. कुणाच्या आई एका वर्षात दोनदा अत्यवस्थ झालेल्या आहेत. खऱ्या आजारी आईला त्या रांगेत उभं करणं ऑल्विनला जमलं नाही. "मला ती खोटी नको करायची होती," तो म्हणाला.

तो निघाला तेव्हा सप्टेंबर अर्धा सरला होता. माझी माणसं परत आली होती, लिफ्टमध्ये पुन्हा दप्तरं घुसली होती. नवी यंत्रणा एकदाची सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी नबील साहेबांनी त्याची रजा मंजूर केली, वर "गो, हबीबी, गो!" म्हणून पाठीत थापही मारली.

रजेवरून परत आल्यावर आठवडाभर तो गप्प होता. मला वाटलं, गावाहून आल्यावर सगळ्यांचंच होतं तसं याचंही झालं असेल. एका संध्याकाळी शारजाला परत येताना आम्ही नेहमीच्या कॅफेटेरियापाशी गाडी उभी केली. इथे हॉर्न वाजवला की चहा गाडीत येतो. बाहेर अजून तशीच वाफाळ हवा होती आणि गाडीच्या काचा बाहेरून ओल्या झाल्या होत्या. पेला हातात घेऊन समोर बघत ऑल्विन म्हणाला,

"आयला मी दिसलो नाही रे."

आय म्हणजे त्याची आई, एवढंच मला कळलं. मग त्यानं सगळं सांगितलं, काचबिंदूपासून. तो पोचला तेव्हा खिडकी कुठे आहे एवढंच तिला कळत होतं. तो समोर बसला, तिनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला आणि म्हणाली, आलास.

"ऑगस्टपर्यंत दिसत होतं थोडं. शेरन दिसली तिला, पोरी दिसल्या, तुकड्या तुकड्यानं का होईना. मी व्हिडिओवर यायचो तर म्हणायची, धुरात बसलायस का?" इथून भारतात बोलायला एक वेगळंच ॲप लागतं आणि त्यात चेहरे तसे धुरकटच येतात. "पण तुझं ते चित्र दिसायचं तिला. मधोमध होतं ना. पिवळं. रोज सकाळी शेरनला म्हणायची, लाव गं तो. फोन नाकापाशी धरायची. शेजारणीला सांगायची, बघ, निघालाय माझा पोरगा."

मी माझा पेला डॅशबोर्डवर ठेवला.

"तिनं मला शेवटचं बघितलं," ऑल्विन म्हणाला, "ते तुझ्या कार्टूनमध्ये."

तो हसला. मी त्याला म्हटलं, "चहा गार होतोय." त्या क्षणी मला सुचलं ते एवढंच.

त्यानंतर आम्ही एकही चित्र केलं नाही. तसं ठरवलं नव्हतं, फक्त डबा खाऊन झाला की तो आपल्या टेबलाकडे जायला लागला. नबील साहेबांना कुणाकडून तरी कळलं. ते ऑल्विनच्या टेबलापाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "तू मला का नाही सांगितलंस, हबीबी? माझीही आई आहे." त्यांचे डोळे खरोखर भरले होते. त्या माणसाचा मला कधी राग आला नाही. राग येण्यासाठी कुणीतरी वाईट वागायला हवं होतं, आणि त्या उन्हाळ्यात कुणीच वाईट वागलं नव्हतं. साहेबांना काम होतं, जोसेफला आणि ग्रेसला गंमत होती, मला माझा सांधा बेमालूम जुळवायचा होता आणि ऑल्विनला आपल्या आईची लाज राखायची होती. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि दिवस निघून गेले.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आम्ही दोघं रोज तासन्‌तास एका स्क्रीनसमोर बसलो. आमच्याकडे चहासाठी चित्र होतं, चुकलेल्या ट्रकसाठी होतं, संपलेल्या कामासाठी होतं. मनात सलतंय ते सांगायला एकही नव्हतं आणि ते नाही हे आम्हाला जाणवलंही नाही. कडा जाड कर, असं एक माणूस मला पुन्हा पुन्हा सांगत होता. दुसऱ्या कुठल्या भाषेत, दुसऱ्या कुठल्या जागी, मी त्याला विचारलं असतं की बाबा रे, एवढं कुणाला दाखवायचंय? इथे आम्ही इतके गमतीदार झालो होतो, की सरळ प्रश्न विचारणं गबाळं वाटायचं. परदेशात आपली भाषा बोलणारा माणूस भेटला की आपण त्याच्याशी सगळं बोलतो, अशी माझी समजूत होती. मराठीतूनही माणसं वर्षानुवर्षं काहीच न सांगता बोलू शकतात.

ते चित्र अजून आमच्या चॅटमध्ये आहे. ते काढून टाकायचा अधिकार माझ्याकडे आहे आणि दोनदा मी तिथपर्यंत गेलोही. पण ज्यांना काही माहीत नाही अशी नवी पोरं आता ते वापरतात. कालच लंच कुठवर आलं असं कुणीतरी विचारलं, त्याखाली एका लखनौच्या मुलीनं ते चिकटवलं. ती त्याचं नाव चुकीचं वाचते. मी तिला दुरुस्त केलं नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघंही एकाच वेळी भारतात होतो. ऑल्विननं फोन करून मला नाताळाच्या आदल्या आठवड्यात घरी बोलावलं. ठाण्याहून वसई फार लांब नाही, तरी इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच गेलो. स्टेशनवर तो घ्यायला आला होता. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "एक सांगतो, शेरनला सोडून कुणाला माहीत नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. फक्त पाठवायचाय."

"मग पाठव ना. अडलंय कुठे?"

"आयनं म्हटलं पाहिजे, राहा. मी आपणहून राहिलो तर जन्मभर म्हणत बसेल, माझ्यापायी पोरानं नोकरी सोडली. तशी आहे ती. तिनं एकदा म्हणू दे, ये घरी. दुसऱ्या मिनिटाला पाठवतो." बोलताना तो बाहेर केळीच्या वाड्यांकडे बघत होता. इतका मोकळा ऑल्विन मी कधी पाहिला नव्हता. तेव्हा कुठे मला कळलं, हा माणूस किती थकला आहे ते.

घरात करंज्यांचा वास होता. शेरन आणि मुली बाजारात गेल्या होत्या. आय ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, उन्हाकडे तोंड करून. अंगानं बारीक, पण आवाज खणखणीत. ऑल्विननं माझी ओळख करून दिली आणि तो चहा टाकायला आत गेला.

"तूच का तो चित्रवाला?" त्या म्हणाल्या.

"हो, आय."

"ये, इकडे बस. तो आत गेला ना?" त्यांनी आवाज खाली आणला. "एक विचारते, खरं सांग. तो मला खरं सांगायचा नाही. गाल बसलेत त्याचे, ते मला हाताला कळलं. चष्मा लागलाय, तोही कळला. पण हाताला रंग कळत नाही. केस कसे आहेत रे त्याचे? तुझ्या चित्रात तर काळेभोर होते."

चित्रात ते काळे होते, कारण एवढ्याशा जागेत काळा रंग उठून दिसतो. ऑल्विनचं डोकं गेल्या दोन वर्षांत पांढरं शुभ्र झालं आहे. तो रंग लावत नाही. मी त्या बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मिटत चाललेल्या झरोक्यातून त्यांनी आपला मुलगा म्हणून जे काही साठवून ठेवलं होतं, ते मीच काढलेलं होतं, आणि त्यावर आता पांढरा रंग फासायचा माझा जीव होईना. एवढं तरी राहू दे त्यांच्याकडे, असं मला वाटलं. मी अगदी मनापासून म्हटलं,

"काळेच आहेत, आय. एकही पांढरा नाही."

त्यांचा चेहरा सैलावला. खुर्चीच्या हातावर घट्ट धरलेली बोटं सुटली.

"मग बरं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, म्हातारा झाला असेल पोरगा. यंदा म्हणणार होते त्याला, पुरे झालं आता, ये घरी. पण अजून काळे आहेत तर जाऊ दे. अंगात जोर आहे तोवर करू दे नोकरी. मुली मार्गी लागायच्यात. मी काय, आहे इथेच."

मी मागे पाहिलं. ऑल्विन दारात उभा होता, हातात ट्रे घेऊन. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी तोंड उघडणार होतो, पण त्यानं हलकेच मान हलवून मला थांबवलं. त्यानं ट्रे ओट्यावर ठेवला, आईसमोर गुडघे टेकले, कप तिच्या हातात दिला आणि तिची बोटं कपाभोवती नीट बसेपर्यंत स्वतःचा हात तसाच धरून ठेवला.

"हो आय," तो म्हणाला. "करतो अजून थोडी वर्षं."